तुंगनाथच्या बुरश्या नोंदवायच्या कशा आणि नागपुरात आणून टिकवायच्या कशा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात एमएस्सी बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी ऑगस्टच्या शेवटी मैत्रिणींसोबत उत्तराखंडातल्या चोपता-तुंगनाथला चालली आहे. तिथे थंडीत, उंचावर वाढणाऱ्या, फारशा कुणी न नोंदवलेल्या बुरश्यांची नीट नोंद करायची तिची इच्छा आहे. काय न्यायचं, काय लिहायचं, ओळख नागपुरात बसून पटेल का, आणि एखादी नवीनच निघाली तर पुढे काय, असं तिने विचारलंय. मी बरीच वर्षं हेच काम करते, त्यामुळे जरा लांबलचक सांगते, वेळ काढून वाच.

सगळ्यात आधी डोक्यातून हे काढून टाक की जंगलात उभं राहून तुला नाव सांगता आलं पाहिजे. नाव सगळ्यात शेवटी येते, कधी चार महिन्यांनी, कधी चार वर्षांनी, कधी तुझ्यानंतर दुसराच कुणी ते देते. आजवर जगात बुरशीच्या साधारण दीड लाख प्रजातींना नाव मिळालंय आणि हॉक्सवर्थ आणि ल्युकिंग या दोघांनी 2017 मध्ये मांडलेला एकूण प्रजातींचा अंदाज 22 ते 38 लाखांचा आहे. म्हणजे शंभरातल्या चार ते सातांनाच नाव आहे, आणि त्यातही ज्या भागात अभ्यासक कमी गेले तिथली परिस्थिती अजून वाईट. त्यामुळे तुंगनाथच्या वर तू जे हातात घेशील त्याला कदाचित नावच नसेल, किंवा असेल तर चुकीचं चिकटवलेलं असेल. अशा वेळी नाव नसलेला पण नोंद पक्की असलेला वाळवलेला नमुना हजार पटीने कामाचा, आणि नमुना नसलेलं, नुसत्या फोटोवरून मोबाइल अ‍ॅपने सांगितलेलं नाव पुढच्या माणसाच्या काहीच उपयोगाचं नाही, कारण ते तपासायला हातात काही उरत नाही. माझं सगळं सांगणं या एकाच गोष्टीभोवती आहे.

आता परवानगी. तुंगनाथ केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात येते, म्हणजे तिथून मशरूमच काय, पानसुद्धा उचलायचं तर उत्तराखंड वनविभागाची लेखी परवानगी लागते. ती तुझ्या डिपार्टमेंटच्या लेटरहेडवर, गाइडच्या सहीने मागायची आणि आजच मागायची, कारण वेळ लागतो. नाही मिळाली तर फोटो आणि निरीक्षणं घेऊन ये, तेही काम आहेच, पण खिशात घालून आणू नको. पुढे तुझ्या पेपरला कुणी विचारलं की नमुना कुठून आणि कोणत्या परवानगीने, तर तुझ्याजवळ उत्तर पाहिजे.

कुठे बघायचं ते सांगते. चोपत्याच्या आसपास, साधारण 2700 मीटरवर, खर्सू ओक, फर आणि बुरांशचं म्हणजे रोडोडेंड्रॉनचं जंगल आहे आणि पावसाळ्यात त्याच्याखाली रुसुला, लॅक्टेरियस, अमानिटा, कॉर्टिनेरियस हे सगळे मायकोरायझल लोक भेटतात, म्हणजे झाडाच्या मुळांशी भागीदारी करणारे. इथे प्रत्येक वेळी वर मान करून कोणतं झाड आहे ते लिहायचंच, आणि मिश्र जंगल असेल तर पाच-सात मीटरच्या आतली सगळी झाडं लिही, उगाच एक निवडू नको. मग जसजशी वर जाशील तसतसं खुरटं रोडोडेंड्रॉन लागते, त्याच्या पानाच्या खालच्या बाजूला केशरी पुरळ दिसला तर तो तांबेरा असू शकते. शिमल्याच्या आसपासच्या असल्या तांबेऱ्यांवर आर्थर बार्क्ले या डॉक्टरने 1880 च्या दशकात जे काम करून ठेवलं ते आजही उघडून बघावं लागते. लोकांना मशरूम तेवढी बुरशी वाटते, पण थंड डोंगराळ भागातल्या कमी माहीत असलेल्या बुरश्यांचा मोठा भाग पानावर, काटक्यांवर, शेणावर आणि दगडावर बसलेला असते.

झाडं संपली की बुग्याल, म्हणजे उघडी कुरणं. तुंगनाथचं मंदिर सुमारे 3680 मीटरवर आहे आणि तिथे बरेच जण म्हणतात की आता झाड नाही म्हणजे मायकोरायझल मशरूम नाही. तसं नाही बरं का. बिस्टोर्टा व्हिव्हिपेरा नावाची वीतभर उंचीची वनस्पती आणि कोब्रेसिया नावाचं गवतासारखं दिसणारं सेज, या दोन्हींच्या मुळांवर एक्टोमायकोरायझा, म्हणजे मुळाला बाहेरून वेढणारी बुरशीची भागीदारी असते. त्यामुळे भर कुरणात तुला इनोसायबी किंवा कॉर्टिनेरियसचं बोटाच्या पेराएवढं मशरूम दिसलं तर आश्चर्य करू नको, गुडघ्यावर बस आणि त्याच्या भोवतीची प्रत्येक वनस्पती लिहून घे, फोटो घे, जमलं तर मुळासकट मातीचा छोटा गोळा बघ. युरोपात आल्प्सच्या अशा उघड्या पट्ट्यातल्या मशरूमवर ज्यूल फाव्र यांनी 1955 मध्ये स्विस नॅशनल पार्कचं मोठं काम छापलं आणि आर्क्टिक-अल्पाइन बुरश्यांवर 1980 पासून, अलास्कातल्या बॅरोपासून, आंतरराष्ट्रीय परिषदा भरत आल्या आहेत. त्यामानाने आपल्या हिमालयाच्या झाडरेषेवरच्या मशरूमकडे फार कमी लोकांनी गुडघ्यावर बसून पाहिलंय, आणि हे मला मनापासून लागते.

अजून एक. उंचीवर तीच प्रजाती ठेंगणी, जाड दांड्याची, गडद टोपीची होऊन येऊ शकते, थंडी, वारा आणि उन्हाच्या माऱ्याने. खाली जंगलात दहा सेंटीमीटर उंच असलेली वर तीन सेंटीमीटरची होते. म्हणून आकार बघून ही वेगळी प्रजाती असं लगेच म्हणायचं नाही आणि फोटोतला आकार बघून तीच आहे असंही म्हणायचं नाही. उंची मीटरमध्ये आणि जीपीएस दोन्ही लिही.

नोंद कशी करायची ते नीट ऐक, सगळा जीव इथे आहे. उपटायच्या आधी जागेवर फोटो, बाजूला पट्टी ठेवून, मग टोपीच्या खालून गिल्सचा, म्हणजे तिथल्या पातळ पडद्यांचा फोटो, मग सुरीने पूर्ण बुडासकट खणून काढून उभा छेद घेऊन फोटो. बुडासकट काऊन, तर अमानिटाची पिशवी, ज्याला व्हॉल्वा म्हणतात, ती जमिनीत राहून जाते आणि मग ओळखीचा अर्धा पुरावा तिथेच. लहान, मध्यम, मोठं अशी दोन-चार वयांची घे, आणि एकच असेल तर फोटो काढून तिथेच राहू दे. गिल्स दांड्याला कशा चिकटल्या आहेत, कापल्यावर रंग बदलतो का आणि किती वेळात, दूध निघते का आणि त्याचा रंग, वास कसा, चिकट की कोरडं, हे सगळं ताजं असतानाच लिहावं लागते, कारण वाळल्यावर रंग, वास आणि चिकटपणा तिन्ही जातात, आणि डीएनएमधून वास कळत नाही. वास लिहिताना 'विचित्र' असं लिहू नको, मुळा, पीठ, माशासारखा, कच्चा बटाटा, जे आठवेल ते लिही. प्रत्येक नमुन्याला एक नंबर, तोच नंबर वहीत, पाकिटावर, फोटोत आणि डीएनएच्या ट्यूबवर. हॉटेलात पोहोचल्यावर आठवून लिहिलेली नोंद मी माझ्या विद्यार्थ्यांकडून स्वीकारतच नाही, पावसात लिहायचं असेल तर पेन्सिल वापर.

संध्याकाळी टोपी कापून गिल्स खाली करून फॉइलवर किंवा अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या कागदावर ठेव, वर वाटी झाक, सकाळी स्पोअर प्रिंट, म्हणजे खाली पडलेल्या बीजाणूंचा ठसा मिळते. थंडीत उशीर लागतो, घाई करू नको. स्पोअरचं माप पुढे या प्रिंटमधूनच घ्यायचं, कारण प्रिंटमध्ये पडलेले स्पोअर पूर्ण पिकलेले राहतात, गिल्स खरवडून घेतले तर कच्चेही येतात आणि सरासरी खाली येते.

खायचं काहीही नाही, चाखायचंही नाही. आपल्याकडे गडचिरोली-भंडाऱ्याकडचे लोक पावसाळ्यात सात्या म्हणजे रानातली मशरूम गोळा करतात आणि त्यांचं ज्ञान पक्कं आहे, पण ते त्यांच्या जंगलाचं आहे, ते हिमालयात लागू होत नाही. अमानिटातल्या अमाटॉक्सिनचा त्रास सुरू व्हायला सहसा सहा-बारा तास लागतात आणि शिजवून ते जात नाही. तिथले स्थानिक लोक काय खातात, कशाला काय म्हणतात ते मात्र विचार आणि ज्याने सांगितलं त्याची परवानगी घेऊन लिही.

आता नावाचा घोळ. इंग्रजांच्या काळापासून आपल्याकडे सवय लागली की युरोपातलं पुस्तक उघडायचं आणि जवळचं नाव लावायचं. जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1848 ते 1850 मध्ये सिक्कीमकडे जे गोळा केलं ते इंग्लंडमध्ये बर्कले या बुरशीतज्ज्ञाकडे गेलं, त्याने कित्येकांना नवीन नावं दिली आणि ते मूळ नमुने लंडनच्या क्यू उद्यानाच्या संग्रहात आहेत. ती मंडळी निदान नमुना जपून ठेवत होती, म्हणून आज आपण त्यांचं तपासू शकतो. नंतरच्या शेकडो याद्यांमध्ये मात्र नुसतं नाव छापलंय, नमुना कुठे ते नाही. गुच्छी या खायच्या महागड्या मशरूमचंच बघ. काश्मीर-हिमाचलच्या प्रत्येक गुच्छीला वर्षानुवर्षं मॉर्केला एस्क्युलेंटा लिहीत आले, पण डीएनएचं काम झाल्यावर दिसलं की मॉर्केलात डझनावारी प्रजाती आहेत आणि बऱ्याच एकेका खंडापुरत्याच आहेत. दुसरं उदाहरण तू धरमपेठेतल्या सुपरमार्केटात पाकिटात पाहिलं असशील, इनोकी, पांढऱ्या लांब काड्यांचं. हे थंडीत येणारं मशरूम आणि त्याला सगळीकडे युरोपातलं फ्लॅम्युलिना व्हेलुटिपेस हे नाव होतं, 2018 मध्ये दाखवलं गेलं की पूर्व आशियातलं लागवडीचं मशरूम वेगळं आहे, फ्लॅम्युलिना फिलिफॉर्मिस. जगभर ट्रकांनी विकल्या जाणाऱ्या मशरूमची ही गत, तर तुंगनाथच्या कुरणातल्या इनोसायबीचं काय सांगायचं. म्हणून खात्री नसेल तर नुसतं इनोसायबी एसपी, म्हणजे या वंशातली कुठलीतरी प्रजाती, असं लिही आणि पुढे तुझा नंबर टाक, किंवा एखाद्या प्रजातीच्या जवळचं वाटत असेल तर मधे सीएफ, म्हणजे 'हिच्याशी ताडून बघा', लाव. त्यात कमीपणा काही नाही, उलट जाणकार माणूस अशाच नोंदीवर विश्वास ठेवते.

वाळवणं. गरम हवा 40 ते 45 डिग्री, फार तर 50 च्या खाली, त्यावर गेलं की ऊतकं शिजतात आणि डीएनए खराब होतो. उन्हात वाळवायचा विचार करू नको, तिथे ऑगस्टमध्ये ऊन नसतेच. चोपत्यात विजेच्या भरवशावर राहू नको, लहान नमुने सिलिका जेलच्या डब्यात घाल, आणि मोठे उभे चिरून, उखीमठसारख्या खालच्या गावात ड्रायर लावता येईल अशी सोय आधी करून ठेव. पापडासारखं कडकन मोडलं पाहिजे, वाकलं म्हणजे ओल आहे. डीएनएसाठी ताज्या गिलचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा वेगळ्या ट्यूबमध्ये सिलिकात किंवा डीएनए टिकवणाऱ्या सीटॅब बफर या द्रावणात टाक, बाहेरून मातीला किंवा दुसऱ्या मशरूमला लागलेला नको, आतला घे.

नागपूरला आल्यावर खरी परीक्षा आहे. सप्टेंबरची आपली दमट हवा वाळलेल्या नमुन्यात लगेच शिरते आणि मग त्यावर साधी घरगुती बुरशी चढते, शिवाय सिगरेट बीटलसारखे किडे पोखरून भुगा करतात. म्हणून आल्या दिवशीच झिपलॉकमध्ये सिलिकासोबत बंद करायचं, बंद पाकीट आठवडाभर उणे 20 च्या डीप फ्रीजरमध्ये ठेवायचं, बाहेर काढल्यावर रूमच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचं नाही नाहीतर आत दव धरते. मग कोरड्या कपाटात. 45 डिग्रीच्या मे महिन्यात वाळलेला नमुना टिकतो, तो प्रश्न नाही, घात होतो तो जुलै-ऑगस्टमध्ये.

जिवंत बुरश्यांचं मात्र वेगळं आहे आणि इथे तुला मी थांबवणार. खऱ्या शीतप्रेमी म्हणजे सायक्रोफिलिक जिवाची नेहमीची व्याख्या अशी की सगळ्यात चांगली वाढ 15 डिग्रीला किंवा खाली, आणि 20 च्या वर वाढ नाही. वटवाघळांना मारणारी स्युडोजिम्नोअ‍ॅस्कस डिस्ट्रक्टन्स, जिचा आजार अमेरिकेत 2006 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या गुहेत पहिल्यांदा दिसला, ती अशीच, 20 डिग्रीच्या आसपास तिची वाढ थांबते. आता तू माती घेऊन दिल्लीहून स्लीपरने येणार, डब्यात 30-35 डिग्री, आणि मग कॉलेजच्या इन्क्युबेटरमध्ये, जो कायम 25 किंवा 28 वर लावलेला असतो. प्लेटवर काय येईल, तर पेनिसिलियम, अ‍ॅस्परजिलस, म्युकर, जे अंबाझरीच्या काठावरच्या मातीतही आहे, आणि ज्या बुरशीसाठी तू एवढं गेली ती मेलेली किंवा झोपलेली. अशा प्रकारे केलेल्या 'थंड प्रदेशातील बुरश्या' नावाच्या याद्या मी पाहिल्या आहेत आणि वाईट वाटते. करायचंच असेल तर गढवालच्या श्रीनगरमधल्या एखाद्या लॅबशी बोलून तिथेच प्लेटिंग कर, म्हणजे बुरशी वाढवायला माती प्लेटवर लाव, 4, 10 आणि 15 डिग्रीला, आणि दोन-तीन महिने प्लेट फेकू नको. या वेळी माती सोड असंच मी सांगीन.

पण मातीत काय आहे ते माहीत असू दे, कारण मला या विषयात सगळ्यात जास्त हेच आवडते. आपल्याला वाटते बर्फाखाली सगळं बंद. अमेरिकेत कोलोराडोच्या डोंगरावरच्या टुंड्रा मातीवर 2003 मध्ये सायन्समध्ये काम आलं की बर्फाखाली, हिवाळ्याच्या शेवटी, मातीतल्या सूक्ष्मजीवांचं, त्यातही बुरशीचं वजन सगळ्यात जास्त भरते, आणि त्या बुरश्यांच्या डीएनएमध्ये असे गट निघाले जे कोणत्याच माहीत वर्गात बसत नव्हते. त्यातल्या एका गटाला नाव मिळालं 2011 मध्ये, आर्किओरायझोमायसिटीस, तेही स्वीडनमध्ये मुळांवरून एक अतिशय हळू वाढणारं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेली जिवंत बुरशी हाती लागलं तेव्हा. मधली आठ वर्षं तो गट नुसत्या कोडवर राहिला. मशरूम नाही, त्यांचे स्पोअरसुद्धा कुणी पाहिलेले नाहीत. तसंच 2009 मध्ये रॉकीज आणि नेपाळच्या हिमालयातल्या अगदी वरच्या, झाडं-गवत काही नसलेल्या मातीत कायट्रिड या पोहणाऱ्या बीजाणूंच्या बुरश्यांचं राज्य आहे असं दिसलं. वाऱ्याने खालून उडून आलेल्या परागकणांवर त्यांचं चालत असावं असा अंदाज आहे. नुसत्या डीएनएच्या क्रमालाच टाइप, म्हणजे नावाचा मूळ आधार, मानून नाव द्यावं असा प्रस्ताव 2018 मध्ये पोर्तो रिकोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आला होता, तो नामंजूर झाला. म्हणजे आजही नाव हवं तर हातात धरता येईल असा नमुना लागतोच.

मायक्रोस्कोप नागपुरात बसून शंभर टक्के जमते. शंभरचं ऑइल इमर्शन लेन्स, पट्टी असलेला आयपीस, आणि तो स्टेज मायक्रोमीटरने, म्हणजे माप कोरलेल्या काचेने कॅलिब्रेट केलेला, एवढं पाहिजे. वाळलेला तुकडा 3 ते 5 टक्के केओएच म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये फुगव, काँगो रेडमध्ये रंगव, स्पोअर निदान तीस मोज, लांबी, रुंदी आणि दोघांचं गुणोत्तर. मेल्झर रीएजंट या आयोडीनच्या द्रावणात निळं-काळं होते का लाल-तपकिरी का काहीच नाही, ते लिही. इनोसायबीत गिल्सवरच्या सिस्टिडिया नावाच्या मोठ्या वेगळ्या पेशींची भिंत जाड आहे का, टोकाला स्फटिक आहेत का ते बघ. जायच्या आधी हात बसवायचा असेल तर कळमन्याहून सडलेली संत्री-मोसंबी आण, पांढरी रुंद कड असलेला हिरवा तो पेनिसिलियम डिजिटेटम, निळा आणि कड अरुंद असलेला तो पेनिसिलियम इटॅलिकम, दोघांचे स्पोअर मोजून फरक काढ, डिजिटेटमचे मोठे आणि लांबट निघतात. यातली निळी कोल्ड स्टोरेजच्या थंडीत हिरवीपेक्षा बरी वाढते, म्हणजे थंडी सोसणाऱ्या बुरशीची तोंडओळखही होऊन जाते.

डीएनएसाठी आयटीएस नावाचा तुकडा वाचायचा, 2012 पासून बुरश्यांचा अधिकृत बारकोड तोच आहे. सिक्वेन्स म्हणजे वाचलेला क्रम आला की लोक ब्लास्ट करतात, म्हणजे डेटाबेसशी जुळवून बघतात, आणि वरचं नाव उचलतात, हे करू नको. 2006 मध्ये एका अभ्यासाने दाखवलं होतं की सार्वजनिक डेटाबेसमधल्या बुरश्यांच्या जवळपास वीस टक्के सिक्वेन्सचं नाव चुकीचं असू शकते. टाइप नमुन्यावरून आलेला सिक्वेन्स कोणता ते शोध, बुरश्यांच्या युनाइट डेटाबेसमध्ये बघ. 97 किंवा 98.5 टक्के जुळलं म्हणजे तीच प्रजाती असा काही कायदा नाही. पेनिसिलियम किंवा फ्युजेरियममध्ये आयटीएसने जवळच्या प्रजाती वेगळ्या होतच नाहीत, तिथे बीटा-ट्युब्युलिन किंवा टीईएफ1 हे दुसरं जनुक लागते. डीएनए आणि मायक्रोस्कोप दोन्ही एकच सांगत असतील तर पुढे जा, भांडत असतील तर आधी ट्यूबचा नंबर तपास, बहुतेक वेळा अदलाबदल तिथेच निघते.

आणि खरंच नवीन निघाली तर. जवळच्या सगळ्या प्रजातींची मूळ वर्णनं वाचून झाली आहेत, एकापेक्षा जास्त नमुने आहेत, डीएनएवरून काढलेल्या वंशवृक्षात म्हणजे फायलोजेनीत ती वेगळी फांदी धरते, असं असेल तरच. मग एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा मूळ नमुना, म्हणून सार्वजनिक हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात) द्यावा लागतो, घरच्या कपाटातला चालत नाही. आपल्याला जवळचं म्हणजे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतलं अजरेकर मायकॉलॉजिकल हर्बेरियम, कल्चर असेल तर तिथलंच राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रह. जैवविविधता कायदा 2002 प्रमाणे नवीन टॅक्सॉन, म्हणजे प्रजाती किंवा तसा गट, सापडला की नेमलेल्या संस्थेला कळवणं आणि नमुना जमा करणं बंधनकारक आहे, आणि नमुना परदेशात पाठवायचा तर त्याचे वेगळे नियम आहेत, कुरियरने टाकून मोकळं व्हायचं नाही. वर्णन लॅटिनमध्येच पाहिजे ही अट 2012 पासून गेली, इंग्रजी चालते, पण 1 जानेवारी 2013 पासून मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरमसारख्या नोंदणीतला नंबर छापलेला नसेल तर नाव वैधच होत नाही. लैंगिक आणि अलैंगिक अवस्थेला वेगवेगळी नावं द्यायची जुनी पद्धतही आता बंद झाली, एक बुरशी एकच नाव. अळीवर वाढणाऱ्या कीडा जडी या हिमालयातल्या बुरशीचं ऑफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिस हे नाव 2007 मधलं, तिची अलैंगिक अवस्था पूर्वी हिर्सुटेला सायनेन्सिस म्हणून वेगळी लिहायचे.

जायला अजून वेळ आहे तोवर परवानगीचं पत्र, सिलिका जेल आणि आयपीसचं कॅलिब्रेशन ही तीन कामं उरक. पुण्याच्या हर्बेरियमला आधीच मेल टाकून नमुना स्वीकारताना पाकिटावर आणि फॉर्मवर काय काय माहिती लागते ते विचारून घे, म्हणजे त्याच रकान्यांची वही करून तुंगनाथला नेता येईल.